भैरू सुताराचे शेवटचे शब्द

"आजी, चपला काढायची गरज नाही इथं," मी म्हणालो.

ती ऐकून न ऐकल्यासारखं करून वाकली. दोन्ही चपला काढून दरबार हॉलच्या उंबऱ्याबाहेर भिंतीशी नीट ठेवल्या आणि पदर सारखा करत आत आली. बाकीची तेरा-चौदा माणसं आधीच आत शिरून, माना वर करून झुंबर बघत होती. तिनं वर बघितलंच नाही. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "सायेब, तुरुंग कवा दावनार?"

"सगळ्यात शेवटी. आधी हे, मग वाद्यघर, मग तुरुंग. सव्वासहापर्यंत पोचू."

"बरं," ती म्हणाली आणि खांबाला टेकून उभी राहिली. एसटीची वाट बघत माणूस स्टँडवर उभं राहतं, तशी.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या नोव्हेंबरातली. करंजगड म्हणजे पायी एका दमात फिरून होईल एवढं गाव. एकेकाळी ते छोटंसं संस्थान होतं. संस्थान गेलं, राजवाड्याचा निम्मा भाग शाळेकडं गेला आणि उरलेल्या तीन इमारतींची तीन संग्रहालयं झाली. दरबार हॉलमध्ये शस्त्रं आणि तैलचित्रं, नगारखान्याशेजारच्या घरात वाद्यं आणि गावाबाहेर ओढ्याकाठी जुना तुरुंग. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. इतिहास घेऊन बी.ए. झालो होतो, संग्रहालयात मदतनीस म्हणून लागून तीन वर्षं झाली होती. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी लोकांना या तिन्ही ठिकाणी फिरवायचो. 'सांजफेरी' असं नाव आम्हीच ठेवलं होतं. पेपरात एकदा दोन रकाने छापून आले होते, तेव्हापासून बाहेरगावची माणसंही यायला लागली होती.

आमचे प्रमुख हेर्लेकर सर. फार व्यासंगी माणूस. पण त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं ते दरबार हॉलमागच्या कचेरीतच बसायचे. तुरुंगापर्यंत ते सांजफेरीबरोबर कधी आले नाहीत. तिथं मी काय सांगतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

दरबार हॉलमध्ये मी नेहमीप्रमाणं तलवारी दाखवल्या, चिलखताचं वजन सांगितलं, राणीसाहेबांच्या चित्रातले डोळे आपल्यामागं फिरतात ते दाखवलं. लोक हसले, इकडून तिकडं चालून बघू लागले. म्हातारी खांबापाशीच. वाद्यघरात एका गृहस्थांनी मनाई असताना सारंगीची तार छेडली, त्यांच्या बायकोनं त्यांच्या हातावर चापट मारली. म्हातारी दारात उभी राहून बाहेरचं आभाळ बघत होती.

"अंधार पडायच्या आत पोचू न्हवं?"

"अंधार पडला तरी दिवे आहेत तिथं."

तुरुंगाकडं जाताना रस्ता जरा उताराचा आहे. ती मागं पडू नये म्हणून मी तिच्याबरोबर चालायला लागलो. साठी ओलांडलेली बाई. नऊवारी नेसलेली, अंगानं काटक. हातात कापडी पिशवी.

"कुठून आलात, आजी?"

"इचलकरंजीस्नं."

"एकट्याच?"

"नात येते म्हनत हुती. म्या नगं म्हनलं." चार पावलं गेल्यावर ती पुढं म्हणाली, "तीच आलती की हितं. शाळंची सहल आलती आगस्टात."

"आवडलं का तिला?"

"घरला यिऊन दोन दिस धड जेवली न्हाई."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, ती मला शाबासकीच वाटली. शाळेच्या पोरांना जेवण गोड लागू नये इतकं परिणामकारक आपण सांगतो, असं वाटून मी मनातल्या मनात खूश झालो.

तुरुंग म्हणजे काळ्या दगडाची बैठी इमारत. दोन्ही बाजूंना चार-चार कोठड्या, मधे अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला फाशीघर. दिवसा उन्हात बघितलं तर गुरांच्या गोठ्यासारखं दिसायचं. पण दिवस मावळताना आत गार व्हायचं, वटवाघळांचा उग्र वास यायचा आणि माणसं आपसूक हळू आवाजात बोलायला लागायची. संध्याकाळच्या फेरीत तुरुंग शेवटी ठेवण्याची कल्पना माझीच.

दारात म्हातारीनं पुन्हा चपला काढल्या.

मी बेड्या दाखवल्या, कोठडीतला दगडी ओटा दाखवला. मग सगळ्यांना फाशीघरात नेलं. उंच छताची चौकोनी खोली, वर आडवी तुळई, खाली जमिनीत फळ्यांचं झडपेचं दार आणि भोवती आम्ही लावलेला लोखंडी कठडा. एकच बल्ब. त्याचं बटण माझ्या पाठीमागं भिंतीवर होतं.

"या संस्थानातली शेवटची फाशी इथं झाली," मी सुरुवात केली. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं हे आता अंगवळणी पडलं होतं. "बारा जानेवारी एकोणीसशे अडतीस. भैरू सुतार, राहणार सावरदरे, वय तीस. जंगल खात्याचा अंमलदार त्याच्या दारात लाकूड जप्त करायला आला. बाचाबाची झाली. भैरूच्या हातात वाकस होता, लाकूड तासायचा. एकच घाव. अंमलदार जागेवर गेला."

कोणीतरी चुकचुकलं.

"ही फळी बघा. फाशीच्या आठवडाभर आधी हे दार मोडलं होतं. आणि तुरुंगात सुतार एकच होता." मी थांबलो. लोकांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागतो. "ज्या फळीवर उभं राहायचं, ती त्यानं स्वतःच्या हातानं रंधा मारून बसवली."

एका बाईनं तोंडावर पदर घेतला. मी एक पाऊल मागं सरकलो.

"पहाटे त्याला इथं उभं केलं. अधिकाऱ्यानं विचारलं, 'काही सांगायचंय?' भैरूनं मान वर केली. आणि म्हणाला..."

इथं मी बटण दाबून दिवा घालवायचो. काळोख झाला की चार श्वास थांबायचो. मग, माझा नव्हेच अशा आवाजात, ते वाक्य सांगायचो.

"माझ्या पोरीला सांगा, तिचा बा घाबरला नव्हता."

या वाक्यानंतर नेहमी एक शांतता पडायची. तिच्यासाठीच मी दर शनिवारची वाट बघायचो. त्या दिवशीही ती पडली. आणि मग त्या काळोखात, कठड्याच्या बाजूनं, एक आवाज आला.

"कुणी ऐकलं?"

माझ्या मानेवर काटा आला. एकजण घाबरून हसला. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा असं त्याला वाटलं असेल. मी चाचपडत बटण दाबलं. म्हातारी सगळ्यांच्यात नव्हती. ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून, खाली झडपेकडं बघत उभी होती.

"ह्ये बोलनं कुणी ऐकलं, सायेब? शिपाई हुता? डाक्टर हुता? नाव काय त्येचं?"

"जुन्या कागदपत्रांत आहे, आजी," मी म्हणालो. तोंडातून सहज निघून गेलं.

"कुठं हायती कागदं?"

"कचेरीत." मग मी लोकांकडं वळलो, सांजफेरी संपली, सावकाश जा, उतारावर जपून, असं भराभर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पावलं बोळातून लांब गेली, बाहेर स्कूटर सुरू झाल्याचे आवाज आले. मी परत आलो तेव्हा म्हातारी फाशीघराच्या पायरीवर बसली होती.

"आजी, बंद करायचंय."

"मी भैरू सुताराची पोरगी," ती म्हणाली.

मला तेव्हा काय झालं ते इतक्या वर्षांनीही मला नीट सांगता येत नाही. कारण भैरू सुताराला मुलगी नव्हती. म्हणजे असल्याचं मी कुठं वाचलंच नव्हतं. मला त्याच्याविषयी जे माहीत होतं ते संग्रहालयाच्या यादीतल्या एका ओळीत मावायचं. नाव, गाव, वय, गुन्हा, तारीख. बाकी सगळं मी रचलेलं होतं. सुरुवातीच्या फेऱ्यांत लोक इथं येईपर्यंत दमायचे, जांभया द्यायचे, घड्याळं बघायचे. एका शनिवारी शिक्षकांचा गट आला होता आणि बोलता बोलता माझ्याच तोंडून ते वाक्य निघालं. एक बाई डोळे पुसू लागल्या. पुढच्या शनिवारी मी ते पुन्हा सांगितलं. मग फळीचं जोडलं, मग दिवा घालवायला लागलो. भैरूला पोरगी मी दिली होती. आणि ती आता समोर पायरीवर बसली होती, साठी ओलांडून.

"मी पाच वर्सांची हुते," ती सांगू लागली. माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीशी बोलावं तशी. "आयनं आनी ग्यानूमामानं मला वाढीवलं. ग्यानूमामा म्हंजे आयचा धाकटा भाऊ. त्यो गाडी घिऊन मढं न्यायला आलता हितं. दारात हुबा हुता म्हनं, पर मढं दिलं न्हाई त्येस्नी. त्येनं घरला यिऊन सांगितलं, भैरू वरडत हुता, चौघांनी वढत न्येला, पाय फरफटत हुते. आयनं त्ये ऐकलं आनी पुन्यांदा कवा त्येचं नाव घेतलं न्हाई. गावात भांडान झालं की बायका मला म्हनायच्या, वढत न्येल्याची लेक. माझ्या लग्नात बी कुनीतरी बोललं. आट्टावन वर्सं मी त्येच ऐकत आले."

ती थांबली. वर वटवाघूळ फडफडलं.

"आनी आगस्टात नात घरला आली. म्हनाली, आज्जी, एक मानूस हुता, त्येनं मरताना पोरीला निरोप दिला. नाव काय म्हनलं त्येचं? म्हनाली, भैरू सुतार. तिला काय ठावं? आमी कुनाला सांगितलंच न्हवतं."

"आजी..."

"ग्यानूमामा हायती अजून. ब्याऐंशी सरली. माझ्याजवळच असत्यात. मला कागद पायजे, सायेब. तुमचा शिक्का मारून. बा काय म्हनला त्ये लिवून द्या, आनी कुनी ऐकलं त्येचं नाव. मामांच्या म्होरं वाचायचा हाय मला."

कचेरीच्या टेबलात छापील कागद होते. शिक्का होता. सही करायला मला कोणी अडवलं नसतं. एखाद्या शिपायाचं नाव ठोकून द्यायला किती वेळ लागतो? मी तीन वर्षं याहून मोठ्या गोष्टी ठोकून देत होतो. मला वाटलं, द्यावा. बाईच्या जन्माचं ओझं उतरेल, कोणाचं काही बिघडणार नाही. मी हो म्हणणारच होतो.

तेवढ्यात ती म्हणाली, "फळीचं तेवढं लिवू नगा. मामांना त्ये नगं सांगायला." तिचा हात पायरीच्या दगडावरून फिरत होता. "सवताच्या पायाखालची फळी त्येनं सवता केली... मगाशी तुमी बोललासा त्ये ऐकलं. आता झोप न्हाई लागायची मला. पर खरं हाय त्ये हाय. एक घ्यायचं तर दुसरं बी घ्यायला पायजे."

मी तिच्याखालच्या पायरीवर बसलो.

"फळीचं खोटं आहे, आजी."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, अगदी लहान मुलाच्या चेहऱ्यावर दिसते तशी. "खोटं? मग बरं झालं की."

"निरोपाचंही खोटं आहे."

"म्हंजी?"

"मी रचलंय. लोकांना ऐकायला बरं वाटतं म्हणून. कुठल्याच कागदात नाही. कोणी ऐकलेलं नाही."

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मग पोरगी हाय ह्ये कसं कळलं तुमास्नी?"

"नव्हतं कळलं. असावी असं वाटलं."

"म्हंजी मी बी तुमीच रचलेली," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाव काय ठिवलं मग तिचं?"

"नाव नव्हतं ठेवलं."

"हौसा. बानं ठिवलेलं. लगीन झाल्यावर आठ वर्सांनी झाले मी, हौसेनं ठिवलं." ती उठली. पिशवी काखेला लावली. "खरं कायच न्हाई तुमच्यापाशी?"

तेव्हा मला त्या वह्यांची आठवण झाली. कचेरीतल्या लाकडी कपाटात तुरुंगाच्या रोजनिशा होत्या, लाल कापडात बांधलेल्या. सगळ्या मोडीत. मला मोडी येत नव्हती आणि शिकायचं मनातही आलं नव्हतं. तीन वर्षं मी त्या कपाटाला पाठ लावून खुर्चीत बसत होतो.

"आहे," मी म्हणालो. "पण त्यात काय असेल ते मला माहीत नाही. चांगलं असेल, वाईट असेल."

"चला."

चढावर ती माझ्या पुढं चालत होती. अंधारून आलं होतं, घरांत दिवे लागले होते.

हेर्लेकर सर निघायच्या बेतात होते. मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. फळी, दिवा, निरोप, काही लपवलं नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ते ओरडतील. ते म्हणाले, "बाईंना बसायला खुर्ची दे," आणि स्वतः गुडघ्यांवर हात देत कपाटापाशी गेले.

वही सापडायला वेळ लागला. पानं पिवळी, कडेला वाळवी लागलेली. सर बोटानं ओळ धरून, अडखळत वाचायला लागले. त्या जुन्या सरकारी भाषेतले शब्द त्यांच्या तोंडून एकेक करून येत होते.

"'कैदी नंबर एकुणीस, भैरू बिन सिदू सुतार. पहाटे पाच वाजता उठविले. पाणी मागितले, दिले. पुन्हा मागितले, दिले. सहा वाजून दहा मिनिटांनी शिक्षा अमलात आणिली. डॉक्टरांनी तपासिले.'"

सर थांबले. हौसाबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

"वढत न्येल्यालं हाय त्यात?"

सरांनी ती ओळ पुन्हा बघितली, पान उलटून मागचं बघितलं. "तसं लिहिलेलं नाही, बाई."

"वरडला, रडला?"

"तेही नाही. हा लिहिणारा बारकाईचा माणूस दिसतो. मागच्या पानावर एकाला फटके मारले त्याचं लिहिलंय, 'फार आक्रोश केला'. तुमच्या वडिलांचं तसं काही लिहिलेलं नाही. पण नाही लिहिलं म्हणजे झालंच नाही, असं मी सांगणार नाही. जे आहे तेवढंच वाचतो."

"वाचा की म्होरं."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग वाचलं, "'प्रेत नेण्यास दुपारपर्यंत कोणी आले नाही. सबब तुरुंगाचे मागील आवारात, चिंचेचे पूर्वेस, दहन केले.'"

"कोनी आलं न्हाई?"

"नाही."

"मामा आलते. गाडी घिऊन."

सरांनी पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द. ती ऐकत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "येवढं लिवून द्या."

मी लिहिलं. सरांनी ताडून बघितलं, सही केली, शिक्का मारला. तिनं कागदाची घडी घालून पिशवीत तळाशी ठेवली. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. गाडीत चढताना ती माझ्याशी बोलली नाही, मागं वळूनही बघितलं नाही. आणि ते बरोबरच होतं.

मी कचेरीत परत आलो तेव्हा सर तिथंच बसून होते. "सोमवारपासून सकाळी तासभर आधी ये," ते म्हणाले. "मोडी शिकवतो." त्याहून जास्त ते मला कधीच काही बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी फाशीघरात मी भैरूचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तारीख सांगितली. पहाटे त्यानं पाणी मागितलं आणि त्याला ते दिलं, एवढं सांगितलं. लोक पुढचं ऐकायला थांबले होते. एकानं विचारलंच, "बस्स? आमच्या पाहुण्यांनी तर दिवा घालवतात म्हणून सांगितलं होतं." माझा हात बटणाकडं गेला नाही. त्या दिवसांत मला अंधाराची भीती बसली होती. घरी दिवे गेले तरी मी दचकायचो आणि कोणीतरी अगदी कानापाशी विचारतंय असं वाटायचं, कुणी ऐकलं? बायको म्हणायची, जप करा. जपानं जाणारी गोष्ट नव्हती ती.

तिसऱ्या शनिवारी मी माणसांना घेऊन तुरुंगाच्या दाराशी पोचलो, तर तिथं रिक्षा उभी. हौसाबाई आत हात घालून एका म्हाताऱ्याला उतरवत होती. डोक्याला पटका, एका डोळ्यात मोतीबिंदू, हातात काठी. मी लोकांना म्हणालो, तुम्ही कोठड्या बघा, आलोच.

"ह्येच ग्यानूमामा," ती मला म्हणाली. "कागद वाचून दावला. दोन दिस भितीकडं तोंड करून पडले. तिसऱ्या दिशी म्हनले, मला तिकडं न्ये."

म्हातारा इमारतीत यायला तयार नव्हता. दगडी दाराकडं त्यानं बघितलंही नाही. "चिंच कुठाय?" एवढंच विचारत राहिला. मी त्यांना भिंतीला वळसा घालून मागं नेलं. चिंच कधीच तोडलेली होती, खोडाचा बुंधा तेवढा जमिनीत होता. त्याच्या पूर्वेला आम्ही सायकलींसाठी स्टँड केला होता. मला शरमेनं मान वर करता येईना. मी एकेक सायकल उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.

"मी त्या वड्यापतोर आलतो," म्हातारा एकदम बोलायला लागला. काठीनं त्यानं ओढ्याच्या दिशेला दाखवलं. "पल्याड बैलं सोडली. दिस उगवला न्हवता. हितली घंटा ऐकली म्या. उठाय गेलो तर पाय हलंनात. वाटलं, म्हेवना हाय म्हनून मला बी धरत्याल. भैरूला हानला तसा मला बी हानत्याल. थितंच बसून वरडलो, बैलं बुजाली. दुपारपतोर बसलो, मग मोकळी गाडी घिऊन माघारी ग्येलो." "आक्का दारात हुबी. म्हनली, कसा ग्येला? काय सांगू? जे माझं झालतं, त्येच त्येच्या नावावर सांगितलं, हौसे. पाय माजं फरफटलं. रडलो मी. आक्का मरंपतोर म्या त्वांड उघाडलं न्हाई."

ज्यानं वाढवलं, ज्यानं कन्यादान केलं, त्यानंच हे केलं होतं. हौसाबाईनं पिशवीतून तांब्या काढला, तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं आणि तो त्याच्या हातात दिला.

"घाला," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला. निम्मं पाणी त्याच्याच पायांवर पडलं. बाकीचं कोरड्या जमिनीनं लगेच पिऊन टाकलं. तांब्या रिकामा झाला तसा तो खाली बसायला लागला, पण तिनं दंडाला धरून त्याला उभा ठेवला.

"आनी एकदा, मामा. दोनदा मागितलं हुतं त्येनं."

मी तांब्या घेऊन नळाकडं धावलो. भरून आणला, म्हाताऱ्याच्या हातात दिला. सांजफेरीतली माणसं मला शोधत मागच्या अंगणात आली होती. त्यांना काही कळलं नव्हतं, तरी ती भिंतीशी गप्प उभी राहिली, कोणी डोक्यावरची टोपी काढली. मीही त्यांना काही सांगितलं नाही. म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा पाणी घातलं. या वेळी सावकाश, थेंब न थेंब.

हौसाबाईनं रिकामा तांब्या पिशवीत ठेवला. वाकून त्याच्या पायांवरचा चिखल आपल्या पदरानं पुसला आणि त्याचा हात धरला.

"चला मामा," ती म्हणाली. "गाडी चुकंल."